टिकली लागली तर

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सदऱ्यातल्या एका गृहस्थांनी माझ्या चित्रासमोर उभं राहून डोळे मिटले, मान डोलावली, आणि मागं वळून अभिनंदन केलं ते बिडकर सरांचं.

"वा, सर. काय तो पिवळा. तुमचा हात लांबून ओळखू येतो."

सर माझ्याकडे बघायला लागले आणि मी माझ्या चपलांकडे. चित्राखालच्या पट्टीवर 'वैजयंती मगदूम' असं ठसठशीत लिहिलेलं होतं, पण गृहस्थांना ते वाचायची गरज वाटली नव्हती.

"हे आमच्या विद्यार्थिनीचं आहे," सर म्हणाले.

"हा तुमचा विनय," असं म्हणून गृहस्थ पुढच्या चित्राकडे सरकले. तेही माझंच होतं. त्याचंही कौतुक सरांच्या पदरात घालून ते समाधानानं जिना उतरून गेले.

रेहाना मुल्ला खांबाआड ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसत होती. हसू आवरेना तेव्हा ती तिथंच खाली बसली. प्रदर्शन आम्हा दोघींचं होतं. सांगलीतल्या एका वाचनालयाच्या माडीवरचा हॉल, तीन दिवस, आणि पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आम्ही दोन मुली. रेहानाच्या एका चित्रावर पहिल्याच दिवशी लाल टिकली लागली होती. चित्र विकलं गेलं की नावाच्या पट्टीशेजारी अशी लाल कागदी टिकली चिकटवतात. त्या टिकल्यांचा पुठ्ठा सरांच्या खिशात असे आणि ते दर थोड्या वेळानं तो चाचपून बघत. माझ्या चित्रांसाठी त्यांनी तो एकदाही बाहेर काढला नव्हता.

मला हसायला येत होतं आणि भीतीही वाटत होती. कारण त्या टिकलीवर माझं सगळं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं. ते कसं, ते सांगते.

सांगली म्हणजे हळद. बिडकर सरांनी उभा जन्म तो हळदीचा बाजार रंगवला. पोती, हमाल, हळकुंडं निवडायला बसलेल्या बायका, आणि सगळ्यांवर पडलेला तो पिवळा उजेड. चित्रं खरोखर देखणी असत. साहजिकच आम्हीही बाजार रंगवायला लागलो. वर्गातल्या कुणाची दुसरी कुठली ट्यूब संपत नसे, पिवळी मात्र महिन्यात चपटी होई. मी तर इतकी मन लावून सरांसारखं काढत असे की सर कधीकधी माझ्या चित्रापुढं थबकून विचारत, "हे मी कधी काढलं?"

सरांच्या बायकांना डोळे नसत. कपाळ, नाक, ओठ सगळं नीट, आणि डोळ्यांच्या जागी नुसती सावली. म्हणून आमच्याही बायकांना डोळे नसत. त्या सावलीत काय काय दडलेलं आहे यावर रेहानानं परीक्षेत दीड पान लिहिलं होतं आणि तिला चांगले मार्क पडले होते.

मग त्या वर्षी मला कांजिण्या आल्या. बाजारात जाणं बंद, कॉलेज बंद, आणि पिवळी ट्यूब संपलेली. आमच्या घरात मोरीशेजारी एक आरसा होता. आई अंघोळीला जाताना कपाळावरची टिकली काढून त्या आरशाला लावायची आणि बाहेर आल्यावर ती सापडली तर तीच, नाहीतर नवी. वर्षानुवर्षांच्या टिकल्या तिथं कडेकडेनं साठलेल्या होत्या. बहुतेक मखमली, मरून, मधूनच एखादी लांबट, कुठल्याशा लग्नातली खड्याची एक, आणि गोंद वाळून कशाबशा टिकून राहिलेल्या कितीतरी. अण्णा त्याच आरशात दाढी करत. "या आरशात माणूस दिसायला जरा जागा ठेव," असं ते रोज म्हणत आणि आई रोज "बरं" म्हणे.

कांजिण्यांच्या दिवसांत मी त्या आरशात बघितलं तर आरशावर ठिपके आणि माझ्या तोंडावरही ठिपके. मला इतकं हसू आलं की खपल्या दुखल्या. दुपारी मी आरशासमोर स्टूल टाकून बसले आणि जलरंगात तो काढायला लागले. काढणार कुणासारखं, हा प्रश्नच नव्हता, कारण सरांनी कधी मोरीशेजारचा आरसा काढलेला नव्हता. चित्रात माणूस नाही. आरसा, त्यात दिसणारा टॉवेलचा कोपरा, खालच्या फळीवर अण्णांचा दाढीचा मग, आणि आईच्या टिकल्या, एकेक जिथली तिथं. ते काढताना मी एकदाही थांबून 'आता सरांनी काय केलं असतं' असं मनात म्हटलं नाही. हे मला चित्र संपल्यावर लक्षात आलं आणि भीतीच वाटली.

सरांनी ते चित्र हातभर लांब धरून बघितलं.

"हे कुणासारखं आहे?"

"कुणासारखं नाही सर."

"तेच म्हणतोय मी."

पण सर मनानं मोठे होते. त्यांनी ते प्रदर्शनात घेऊ दिलं. काचेच्या फ्रेममध्ये घालून हॉलच्या पार टोकाला, हात धुवायच्या बेसिनशेजारी लावलं. "मोरीचं मोरीजवळ," ते म्हणाले, आणि त्यांनाच आपल्या विनोदाचं हसू आलं.

आता अण्णा. माझे वडील शाळेत पी.टी. शिकवत आणि जिल्ह्यातल्या खो-खोच्या सामन्यांना पंच म्हणून जात. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी, खांद्याला प्रथमोपचाराची खाकी पिशवी. त्या पिशवीत आयोडीन, कापूस, कात्री, चिकटपट्टी सगळं असायचं आणि ते पिशवीशिवाय भाजी आणायलाही जात नसत. पंच म्हणून त्यांचा दरारा होता. मी आठवीत असताना तालुक्याच्या फायनलला त्यांनी भर मैदानात मला बाद दिलं होतं. मला स्पर्शच झाला नव्हता, असं माझं अजून मत आहे. त्या दिवशी जेवताना मी पुन्हा विषय काढला, तर म्हणाले, "पंचाचा निकाल ताटावर बदलत नसतो." आणि मला भाकरी वाढली.

मला पुढं मुंबईला जाऊन शिकायचं होतं. तो विषयही ताटावरच निघाला.

"मुंबईत जाऊन काय निराळं करणार?" अण्णा म्हणाले. "चित्रं काढायची ती हितंबी निघत्यात की. ड्रॉइंग टीचरचा कोर्स कर. आमचे कुंभोजकर सर रिटायर व्हायला आल्यात. जागा हाय."

"पोरीच्या शिक्षणात खो घालू नका," आई म्हणाली.

अण्णांचा घास हातातच राहिला. "खो घालणं ही काय भाषा झाली पद्मा? खो देतात. आणि मागनं देतात, पाठीला हात लावून. समोरनं दिलेला खो फाऊल."

"बरं. मग द्या."

"देतो. पण नियमानं." ते माझ्याकडे वळले. "तुमच्या त्या प्रदर्शनात चित्र खपलं की काय करत्यात?"

"नावाशेजारी लाल टिकली लावतात."

"झालं तर. तुझ्या एका चित्राला टिकली लागली, तर अण्णा आऊट. मुंबईला जायचं. न्हाई लागली, तर कोर्सचा अर्ज."

आई लगेच म्हणाली, "शशी घेईल की एखादं." शशी म्हणजे माझा मामा. त्याला आई सांगेल ते पटत असे.

"शशीनं घेतलं तर फाऊल. घरच्या माणसानं मुद्दाम लावलेली टिकली चालायची न्हाई. आत्ताच सांगून ठेवतो."

मला वाटलं, एवढी चित्रं मांडायची, एक तरी जाईलच. दुसऱ्या दिवशीच्या त्या पांढऱ्या सदऱ्यानंतर मात्र माझी आशा सुटली. बिडकरांसारखं चित्र हवं असणारा माणूस बिडकरांकडूनच घेणार ना? सर तर तिथंच उभे होते.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हॉलमध्ये आम्ही, सर आणि एक चुकून वर आलेले आजोबा होते. आजोबांना वाचनालयाची वर्गणी भरायची होती. रेहाना मला धीर द्यायला निरनिराळे बेत सुचवत होती. त्यात आजोबांना हाताशी धरण्याचाही एक होता.

"आपण मोठ्यानं म्हणू या, कुणीतरी मुंबईहून फोन केला होता म्हणून."

"कुणाला म्हणू या? आजोबांना?"

आजोबांनी "काय म्हणालात?" असं विचारलं, आणि आम्हाला दोघींना पुन्हा हसू फुटलं. निराशेत असं हसू फार येतं, आणि एकदा आलं की थांबवता येत नाही.

चारच्या सुमाराला माणसं यायला लागली. शेवटचा दिवस म्हणून सरांनी गावातल्या ओळखीच्या लोकांना आवतण दिलं होतं. दातांच्या डॉक्टर शिरगुप्पेबाई आल्या, त्यांच्या पाठोपाठ सरांचे जुने मित्र. आणि मग अण्णा, इस्लामपूरचा सामना आटपून थेट, पांढऱ्या पँटला माती, गळ्यात शिट्टी, खांद्याला खाकी पिशवी. आई त्यांना खाली जिन्यापाशी भेटली होती. ठेवणीतली जांभळी साडी नेसून आली होती आणि कुणाशी काय बोलावं हे न कळून सगळ्यांना नमस्कार करत होती.

अण्णांनी पहिल्या चित्रापासून पाहणी सुरू केली. मैदानाची आखणी तपासतात तसे ते भिंतीच्या कडेनं एकेक पाऊल टाकत चालले होते.

"हे तुझंच?"

"हो."

"आणि हे?"

"हेही."

"आणि हे सरांचं."

"तेही माझंच आहे, अण्णा."

अण्णा पट्टीशेजारी टिकली आहे का, एवढं बघून पुढं सरकले. तेवढ्यात सरांनी मला खाली चहा सांगायला पाठवलं. मी जिना उतरताना मागं वळून बघितलं तर अण्णा हॉलच्या टोकाला पोचले होते आणि बेसिनशेजारी पाठमोरे उभे होते.

चहावाल्यापाशी गर्दी होती. मी किटली घेऊन परत जिना चढायला लागले तर रेहाना दोन-दोन पायऱ्या गाळत खाली येत होती.

"वैजू, लागली."

"काय?"

"टिकली."

"कशाला?"

"अगं चित्राला. आरशाला."

चहाची किटली कुणाच्या हातात दिली ते मला आजतागायत आठवत नाही. वर जाऊन बघते तर खरंच. काचेवर, अगदी खालच्या कोपऱ्यात, 'वैजयंती मगदूम' या पट्टीच्या बरोबर वर, गोल लाल टिकली. माझे पाय जमिनीवर ठरेनात. रेहानानं माझे दोन्ही हात धरले आणि आम्ही बेसिनसमोर गरगर फिरायला लागलो. फुगडीच झाली ती. सर "अगं, अगं, चित्रं" म्हणत मध्ये आले आणि त्यांनाही एक गिरकी बसली.

"कुणी घेतलं सर?"

"मला काय माहीत? तूच लावलीस ना टिकली रेहाना?"

"मी कुठं सर? पुठ्ठा तुमच्या खिशात."

सरांनी खिसा चाचपला. पुठ्ठा होता. "मग मीच लावली असेन," ते म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर खात्री नव्हती.

तोवर बातमी हॉलभर झाली होती. विकलं गेलंय म्हटल्यावर जो तो बेसिनकडे यायला लागला. मघापर्यंत जे त्या चित्राकडे न बघता पुढं गेले होते, ते आता दोन पावलं मागं सरकून, मान तिरकी करून बघत होते. सर समजावून सांगायला लागले.

"बघा, यात माणूस नाही, पण माणूस आहे. मी तिला पहिल्यापासून सांगत आलो, स्वतःचं काहीतरी शोध."

रेहानाला ठसका लागला. तिला खांबाकडे न्यावं लागलं.

मी अण्णांना शोधलं. ते खिडकीपाशी हाताची घडी घालून उभे होते. मी धावत गेले.

"अण्णा, लागली."

"बघितलं."

"मग?"

"खरेदीदार कोण हाय ते कळू दे. पंच घाई करत नसतो."

शिरगुप्पे डॉक्टरीणबाई मात्र घाईत होत्या. "कुणी घेतलंय त्यांना विचारा हो, मला देतील का," त्या सरांना म्हणत होत्या. "माझ्या दवाखान्यात हे हवं. बसलेल्या पेशंटला बघायला काहीतरी हसरं पाहिजे." लोकांच्या तोंडात वाकून बघायची सवय त्यांची. बोलता बोलता त्या चित्राच्या कोपऱ्याकडे वाकल्या, चष्मा वर केला, आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

"बिडकर सर, तुमच्या टिकल्या कागदाच्या असतात ना?"

"हो. का?"

"ही मखमलीची आहे."

सर वाकले. मी वाकले. टिकली मरून होती, मखमली होती, आणि तिच्यासारख्या वीस-पंचवीस टिकल्या मी तिच्याच वर, काचेच्या आत, स्वतःच्या हातानं रंगवलेल्या होत्या. डॉक्टरीणबाई सरळ झाल्या आणि हळूच वळल्या. त्यांच्यामागं सगळा हॉल वळला. तशीच टिकली हॉलमध्ये आणखी एकाच ठिकाणी होती, माझ्या आईच्या कपाळावर.

मग खांबामागून रेहानाचा आवाज आला, गळा दाबल्यासारखा, आणि पुढं नुसतं हसणं. ते ऐकून सरांचे मित्र हसले, आजोबा हसले, आणि मीही हसायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचंच आहे की नाही हे मला कळेना. माझी मुंबई, डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करताच, गेली होती.

तेवढ्यात अण्णांनी हात वर केला. पंचाचा हात. हॉल गप्प झाला. ते गर्दीतून वाट काढत चित्रापाशी आले, पाय जुळवून उभे राहिले आणि आईला म्हणाले, "पद्मा, पुढं ये."

आई पुढं आली.

"ही टिकली तुझी?"

आईनं टिकलीकडे बघितलं. मग अण्णांकडे बघितलं, चांगला वेळ लावून. "हो, माझीच."

"मुद्दाम लावलीस का सवयीनं? नीट आठवून सांग. मुद्दाम लावली असशील तर फाऊल."

"सवयीनं," आई म्हणाली.

"कशी?"

"तोंड धुतलं. समोर आरसा दिसला. काढली आणि लावली. मग पर्समधली नवी लावून घेतली."

"आरसा कुठंय हितं? हे चित्र हाय."

"मला काय माहीत. आपलाच आरसा की हो. तुमचा मग पण हाय."

हॉलमध्ये पुन्हा हशा उसळला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी चित्रातल्या मगाकडे बघितलं, हनुवटीवरून हात फिरवला, आणि मैदानात देत तसा निकाल दिला.

"ऐका. अट अशी होती की चित्राला टिकली लागली पाहिजे. लागली. घरच्या माणसानं मुद्दाम लावलेली चालणार नव्हती. ती मुद्दाम लावलेली नाही. ज्या बाईनं वीस वर्षं तो आरसा वापरला, तिनं हा खरा समजून टिकली लावली. यापेक्षा मोठा परीक्षक मला दिसत नाही." त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. "अण्णा आऊट."

बंद हॉलमध्ये ती शिट्टी अशी वाजली की खालच्या वाचनकक्षातून कुणीतरी रागानं काठी आपटली. मी अण्णांना मिठी मारली. लहानपणानंतर पहिल्यांदाच. शिट्टी आमच्या दोघांच्या मध्ये रुतत होती.

"म्हणजे हे विकलेलं नाही तर," डॉक्टरीणबाई आनंदानं म्हणाल्या. "मग मी घेते."

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"का?"

"टिकली लागलेली हाय."

बाईंनी मला कोपऱ्यात घेतलं आणि दवाखान्यात येऊन त्यांची खुर्ची आणि तो काडीला लावलेला इवलासा आरसा काढून देशील का, असं विचारलं. मी लगेच हो म्हटलं. त्या क्षणी त्यांनी अख्खी कवळी काढायला सांगितली असती तरी मी हो म्हटलं असतं.

लोक पांगल्यावर सर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. समोर माझं बाजाराचं चित्र होतं, त्यात हळकुंडं निवडणाऱ्या बिनडोळ्यांच्या बायका.

"वैजयंती, मुंबईला गेलीस की यांना डोळे काढ."

"पण सर, ती सावली..."

"कसली सावली? मला डोळे जमत नाहीत गं. एक वर जातो, एक खाली. म्हणून सोडून दिले. तुम्ही पोरींनी त्याचं काय काय केलंत, आणि मला सांगायची लाज वाटली."

रेहानानं हे ऐकलं आणि दीड पान आठवून तिनं कपाळ भिंतीला टेकवलं. सर स्वतःच आधी हसले. त्यांच्याबद्दल मला जितकं प्रेम त्या घटकेला वाटलं तितकं आधी कधी वाटलं नव्हतं.

मग आम्ही चित्रं उतरवायला घेतली. अण्णा खाली स्कूटरपाशी दोरी सोडवत होते. आरशाची फ्रेम मी शेवटी काढली. म्हटलं, आईची टिकली काढून ठेवावी, वाटेत पडायला नको. नखानं कड उचकटली तर टिकली निघेना. टिकली अशी कधी बसत नाही. तिचा गोंद तो किती. मी जरा जोर लावला तेव्हा एक कड वर आली आणि खाली पांढरं काहीतरी दिसलं. कापडी चिकटपट्टी. जखमेवर कापूस बसवायला लावतात ती, चिकट बाजू दोन्हीकडं येईल अशी दुमडून कात्रीनं अगदी गोल कापलेली, टिकलीपेक्षा जराशी लहान, बाहेरून कुणाला दिसू नये अशी. वरची टिकली जुनी होती. गोंद केव्हाच वाळलेली, मखमल कडेनं उडालेली.

मी मान वर केली. आई माझ्यासमोर उभी होती.

"आई, तू तोंड धुतलं होतंस?"

"त्या बेसिनला पाणी कुठंय चारपासून?"

"मग तू..."

"सकाळी वेणी घालताना बघितलं, आरशावरची एक टिकली कमी होती. वरच्या कोपऱ्यातली. म्हटलं, पडली असेल." तिनं माझ्या हातातली कड अंगठ्यानं पुन्हा दाबून बसवली. "मघाशी विचारलं तेव्हा कळलं कुठं गेली ती. विचारलं तसं सांगितलं. तू काढू नकोस. त्यांना वाटतंय, कुणी बघितलं नाही."

म्हणजे तो माणूस ती टिकली सकाळी घरून खिशात घालून इस्लामपूरला गेला होता. दिवसभर उन्हात सामने खेळवले होते, फाऊल धरले होते, पोरांना बाद दिलं होतं. माझं चित्र त्यांनी कधी बघितलं, फ्रेम बांधून ठेवली होती तेव्हा की त्याच्याही आधी, दाढी करताना, मी स्टुलावर बसलेली असताना, ते मला कधीच कळलं नाही. जिल्ह्यात ज्यांचा एकही निकाल खोटा निघाला नाही, त्यांनी आयुष्यातला पहिला खोटा सामना माझ्यासाठी लावला होता. तोही असा की अपिलाला जागा नाही.

ते चित्र आज माझ्या स्टुडिओत आहे. टिकली अजून आहे आणि तिच्याखालची पट्टीही. आई आली की तोंड धुऊन तिची टिकली आता त्याच काचेला लावते, आणि कुठली आतली, कुठली बाहेरची, हे येणाऱ्याला हात लावल्याशिवाय सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी आई आणि रेहाना बाकीची चित्रं घेऊन रिक्षानं गेल्या. मी अण्णांच्या मागं स्कूटरवर बसले. आरशाची फ्रेम आमच्या दोघांच्या मध्ये, काच माझ्या बाजूला. ती सांभाळायला मला एक हात अण्णांच्या पाठीवर ठेवावा लागत होता. मला आतून इतकं काही उसळत होतं की गप्प बसणं शक्य नव्हतं, आणि विचारायचं ते तर विचारायचं नव्हतं.

"अण्णा," मी त्यांच्या कानाशी ओरडले, "खो कसा देतात?"

आयर्विन पूल आला. अण्णांची मान ताठ, नजर समोर.

"मागनं," ते म्हणाले.

"आणि मिळाल्यावर?"

"मिळाल्यावर मागं वळून बघत बसायचं न्हाई. फाऊल होतो." त्यांनी गिअर बदलला. "पळायचं."